हात लावू नकोस!

दिवाळी बारा दिवसांवर आलेली. घरोघरी डबे घासणं, जळमटं काढणं, भाजणीची दळणं सुरू झालेली. अशा ऐन धांदलीत मिरजगावच्या सत्तावन्न वर्षांच्या दोन बायका नगर स्टेशनवर दिल्लीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. कोणी ओळखीचं भेटलंच तर 'देवाला चाललोय' असं सांगायचं, हे एसटीतच ठरलं होतं. खरं सांगितलं असतं तर गाव महिनाभर हसलं असतं. कारण आम्ही चाललो होतो मासे धरायला. तेही थेट हिमाचल प्रदेशात!

ही गोष्ट 2024 च्या कोजागरीनंतरची. त्या दोघींपैकी एक मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. दुसरी माझी लहानपणापासूनची मैत्रीण. पाच भावंडांत थोरली म्हणून घरचे तिला अक्का म्हणायचे, मग सगळं गावच म्हणू लागलं. मीही तेच म्हणते. आणि ती मला सगळ्यांसारखं 'बाई' म्हणते. म्हणजे 'ए बाई, इकडं ये' असं.

आमच्या कर्जत तालुक्यात पाण्याचं कौतुक वेगळं सांगायला नको. नगर-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव, पाऊस नेहमीच मोजूनमापून पडणार. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं हे आमच्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेलं. पण सीनेकाठी माझं आजोळ होतं. पावसाळा सरल्यावर नदीत डोह भरलेले असायचे. सुटीत अक्काही माझ्याबरोबर तिकडे यायची. टाचणी वाकवून गळ, आईच्या शिवणातला दोरा, वेळूची काठी आणि ओल्या मातीतलं गांडूळ. एवढ्या भांडवलावर आम्ही दुपारच्या दुपार डोहाकाठी काढायचो. बोटाएवढे मासे मिळायचे, कधीमधी एखादी वाम. ती हातातून सुळकन निसटायची आणि आम्ही खिदळत चिखलात बसायचो.

बारा-तेरा वर्षांच्या झालो आणि एक दिवस मामाने काठी काढून घेतली. 'आता मोठ्या झालात, नदीवर काय काम?' पोरं मात्र जातच राहिली. आम्ही दोघी कपडे धुवायला जायचो, तेव्हा त्यांच्या गळांकडे बघायचो. पुढे लग्नं झाली, मुलंबाळं झाली. ती काठी कुठं गेली, कोणी विचारलं नाही.

2022 च्या मार्चमध्ये अक्काच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर! पुण्यात ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. केस गेले, परत आले. अक्का वाचली. पण तिचा उजवा हात तिचा राहिला नाही.

काखेतल्या गाठी काढल्या की हातातला लसद्रव नीट वाहून जात नाही, आणि काही जणींचा हात सुजतो. अक्काचाही सुजला. बांगड्या उतरल्या, ब्लाऊजची बाही उसवावी लागली. हातावर दिवसभर घट्ट बाही घालायची, त्या हाताला कापू-टोचू-भाजू द्यायचं नाही, अशी पथ्यं लागली. आणि घरात एकच वाक्य सुरू झालं, 'तू नको, तू हात लावू नको.' कळशी भरली की सून धावायची. भाकरी थापायला बसली की मुलगी पीठ ओढून घ्यायची. मालक तर तिला दाराची कडीही काढू देईनात. आणि खरं सांगायचं तर या सगळ्यांत पुढं मीच! तिच्या हातातली पिशवी ओढून घेण्यात मला केवढं पुण्य वाटायचं.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने व्यायाम दिले होते. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी हळूहळू वर चढायचं, दोरीने हात वर ओढायचा. अक्काने आठ दिवस केले आणि सोडून दिले. म्हणाली, ''भिंतीवर पाली चढत्यात बाई, माणसं नाय.''

हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरायला नात लागायची. त्यापेक्षा वाईट म्हणजे ती गप्प झाली. आमची अक्का, जी बाजारात कांद्याच्या भावावरून व्यापाऱ्याला घाम फोडायची, ती ओसरीवर भिंतीला टेकून नुसती बसून राहायची.

त्याच सुमारास माझ्या वाचनात एक गोष्ट आली. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात 1996 साली 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाची संस्था सुरू झाली. सुरू करणाऱ्यांत एक स्तनांच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर होती आणि एक मासेमारीत मुरलेली बाई. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना ही संस्था नदीवर नेते आणि मासे धरायला शिकवते. का, तर गळाची हलकी काठी मागे नेऊन पुढे फेकताना खांद्याची आणि दंडाची जी हालचाल होते, ती ऑपरेशननंतरच्या व्यायामासारखीच असते. भिंतीवर बोटं चढवायची त्याऐवजी नदीत दोरी फेकायची!

वाचता वाचता मला सीनेचा डोहच दिसला. दुसऱ्या दिवशी मी वेळूची काठी शोधली, तिला सुतळी बांधली आणि अक्काच्या अंगणात गेले. तिने काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि किती महिन्यांनी हसली!

अर्थात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही केलं नाही, हे इथं मुद्दाम सांगते. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. पूर्वी अशा बायकांना सर्रास सांगायचे की, या हाताने जड काही उचलूच नका. पण 2009 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हात सुजलेल्या 141 बायकांपैकी अर्ध्या जणींना देखरेखीखाली अगदी थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वजन उचलायला लावलं. त्यांच्या हाताची सूज वाढली तर नाहीच, उलट त्रास उफाळून येण्याचं प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मायेपोटी तिचा हात जो नुसता मांडीवर ठेवायला लावला होता, त्यात तिचं भलं होतच नव्हतं. घरी येताना एसटीत मी गप्प बसून होते.

अटी ठरल्या. हातावर घट्ट बाही हवीच. हातमोजे घालायचे. सुरुवात दहा मिनिटांपासून. हात जड वाटला की थांबायचं. आणि गळ टोचून घ्यायचा नाही!

मग रोज संध्याकाळी अक्काच्या अंगणात आमचा सराव सुरू झाला. समोर घमेलं ठेवायचं आणि सुतळीचं टोक त्यात पाडायचं. आधी कोंबड्या पळाल्या, मग पोरं जमली, मग शेजारणी. 'काय चाललंय गं?' 'व्यायाम!' चार महिन्यांत दहापैकी सात वेळा सुतळी घमेल्यात पडू लागली, आणि एक दिवस अक्का स्वतःची वेणी स्वतः घालून अंगणात आली. मी काही बोलले नाही. तीही नाही.

मग तिनेच विचारलं, ''एवढं शिकलो बाई, तर मासा कवा धरायचा?''

जवळ सीनेचं धरण आहे, निमगाव गांगर्ड्याला. तिथं जाता आलं असतं. पण मला एकदा तरी तिला गावाच्या नजरेपासून लांब न्यायचं होतं. जिथं कोणी 'तू नको' म्हणणार नाही अशा ठिकाणी. आणि मी ब्राउन ट्राउट या माशाबद्दल वाचून ठेवलं होतं.

हा मासा मुळात आपला नाहीच. तो युरोपातला. इंग्रज साहेबांना हिंदुस्थानातही आपल्या आवडीचा मासा गळाला लावायचा होता. म्हणून 1900 च्या सुमारास बर्फात जपून त्याची अंडी काश्मीरला आणली. पहिली खेप वाटेतच मेली, पुढची जगली. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल नावाचा साहेब त्या पिल्लांचा सांभाळ करण्यात पुढे होता. तिथून 1909 मध्ये हा मासा कुलूच्या खोऱ्यात आला आणि तिथल्या नद्यांत रुळला. त्याला पाणी लागतं थंडगार आणि वाहतं. वीस अंशांच्या वर पाणी तापलं की तो कासावीस होतो. आपल्याकडचे कटला-रोहू तीस अंशांतही मजेत वाढतात, तिथं हा तग धरणार नाही. पण स्वभावाने दांडगा. स्थानिक लहान मासे खाऊन टाकतो, म्हणून जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

हे ऐकून अक्का म्हणाली, ''म्हंजी सासरी येऊन घर बळकावलेली सून!''

खर्चाचं म्हणाल तर मी निवृत्तीच्या पैशातून माझा वाटा काढला आणि अक्काने दोन शेळ्या विकल्या. मालकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''मासंच पायजेत ना? भिगवणहून आणतो की!''

पण आम्ही निघालो. दिल्लीहून रात्रीची मनालीची बस धरली आणि पहाटे वाटेत औट या गावी उतरलो. तिथून जीपने लारजी, बंजार करत गुशैणी. शेजारून सतत तीर्थन नदी. ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येते. या पार्कला 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. पार्कच्या आत मासेमारीला बंदी आहे, बाहेर सरकारी मत्स्य विभागाचा परवाना काढून धरता येतात. तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सोडून, कारण तो ट्राउटच्या विणीचा काळ. म्हणजे आम्ही हंगामाच्या शेपटाला पोचलो होतो.

अक्का पुलावर उभी राहून पाण्याकडे बघत राहिली. हिरवंनिळं, तळाचा गोटा न् गोटा दिसणारं पाणी. ''एवढं पाणी,'' ती म्हणाली, ''आन् कुणी घागर घेऊन उभं नाय.''

आमच्याबरोबर गावातला एक तरुण होता, वाट दाखवणारा आणि शिकवणारा. आम्हाला 'माताजी' म्हणायचा. त्याने आधी पकडीने सगळ्या गळांची उलटी टोकं चेपून टाकली. म्हणजे मासा सोडताना त्याला इजा होत नाही, आणि माणसाला लागलाच तर गळ पटकन निघतो. अक्काच्या हाताचं मी त्याला सांगून ठेवलं होतं. इथं गांडूळ नव्हतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळावर असते. ती इतकी हलकी की ती फेकताच येत नाही, फेकायची असते ती जाड दोरी. दोरी हवेत मागे पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग पुढे. घाई केली की गुंता!

पहिल्या दिवशी आमच्या दोघींचाही नुसता गुंता झाला. पंजाबी ड्रेस आणि गमबूट घालून गोट्यांवरून चालताना मी दोनदा आपटले. पाणी असं की हात घातला की हाड ठणकावं. अक्का वीस मिनिटं दोरी फेकायची आणि मग अर्धा तास खडकावर हात उंच ठेवून बसायची. दुसऱ्या दिवशी माझ्या गळाला वीतभर लांबीचं पिल्लू लागलं. अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, जणू कुणी टिकल्या लावल्या आहेत. लगेच सोडून दिलं.

रात्री शेकोटीपाशी मी अक्काला एक खरी गोष्ट सांगितली. जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईची. 7 ऑक्टोबर 1922 रोजी स्कॉटलंडच्या टे नदीवर तिने एक सामन मासा धरला. वजन 64 पौंड, म्हणजे 29 किलो! वडील होडी वल्हवत होते आणि ही दोन तासांहून जास्त वेळ झुंजत होती. गळाने धरलेल्या सामनचा ब्रिटनमधला तो विक्रम शंभर वर्षं उलटली तरी कोणी मोडला नाही.

''बापानं काठी नाय काढून घेतली?'' अक्काने एवढंच विचारलं.

तिसरा दिवस शेवटचा. चार वाजताच ऊन डोंगराआड गेलं. एका मोठ्या धोंड्याखाली खोल डोह होता. आमचा वाटाड्या कुजबुजला, ''वहाँ बैठी है, बड़ी वाली.'' त्याने पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी माशी बांधून दिली. इथल्या नदीत अर्धा-पाऊण किलोचा मासा नेहमीचा, दोन किलोच्या आसपासचा लागला तर चार गावांत चर्चा होते, असं तो म्हणाला होता. न्यूझीलंडमध्ये 2020 साली म्हणे वीस किलोचा ब्राउन ट्राउट सापडला, पण तो भाग वेगळा.

अक्काने दोरी मागे नेली, थांबली, पुढे सोडली. धोंड्याच्या वरच्या अंगाला माशी पडली आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत आली. एकदा. दोनदा. पाचव्या की सहाव्या वेळी दोरी वाहता वाहता थबकली. अक्काने काठी उचलली आणि काठीची कमान झाली! रिळातून दोरी किर्रर्र करत सुटली.

''ढील दो माताजी, ढील दो!''

अक्काला ते सांगावं लागलं नाही. नंतर ती म्हणाली, ''वासरू दाव्याला हिसका देतं तवा आपण ओढत नाय. त्याला जाऊ द्यायचं, दमलं की जवळ घ्यायचं.'' मासा खाली पळाला, ती गोट्यांवरून त्याच्यामागं गेली. तो थांबला, तिने दोरी गुंडाळली. परत पळाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिचा उजवा हात थरथरायला लागलेला मला दिसला. बाहीखाली बोटं लाल झाली होती. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांचे शब्द आठवले, तिच्या घरच्यांचे चेहरे आठवले. 'हात सुजला तर? काय तोंड दाखवू?' मी पुढं झाले आणि काठीला हात घातला.

''हात लावू नकोस!''

एवढ्या मोठ्यांदा ओरडली की मी दोन पावलं मागे सरले. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. काठी डाव्या हातात घेतली, बूड कमरेला टेकवलं आणि उजवा हात खाली सोडून बोटांची उघडझाप केली. मग शांतपणे पुन्हा उजव्या हाताने रीळ फिरवायला लागली. अडीच वर्षं सगळ्यांनी मिळून तिला जे म्हटलं होतं, ते तिने एका दमात मला परत दिलं होतं. मी खडकावर उभी राहून नुसती बघत होते. बघत राहणं एवढं अवघड असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पाव तासाने मासा जाळ्यात आला. वाटाड्याने जाळं पाण्यातच धरलं आणि माप लावलं, 58 सेंटिमीटर. ''दो किलो से थोड़ी कम. बहुत सालों में ऐसी आती है.'' सोनेरी-तपकिरी अंग, पोट पिवळं आणि फुगलेलं. तो म्हणाला, ''मादा है. अंडे भरे हैं. महीने भर में देगी.'' परवान्यात बसते, ठेवायची की सोडायची ते माताजींनी सांगावं.

अक्काने हातमोजा ओला करून माशाच्या अंगावरून एकदा हात फिरवला. ''दमलीय ती,'' म्हणाली. ''सोड.''

मासा डोक्याने प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले उघडत-मिटत होते. मिनिटभराने शेपटीचा एक फटकारा आणि डोह पुन्हा रिकामा. फोटो आहे माझ्याकडे, एक. त्यात मासा जेमतेम दिसतो, अक्का मात्र पूर्ण दिसते. तोंड उघडं, केस विस्कटलेले, मागे डोंगर.

रात्री मुक्कामाच्या घरी तळ्यात पाळलेल्या ट्राउटचं जेवण होतं. अक्काने दोन खाल्ले. तिचा हात थोडा सुजला होता. उशीवर उंच ठेवून झोपली, सकाळी उतरला. मी रात्रभर दोनदा उठून बघितला, हे तिला सांगितलेलं नाही.

परत येताना कुलूची सफरचंदं घेतली आणि गावात 'प्रसाद' म्हणून वाटली. मालकांना मात्र तिने खरं सांगितलं. त्यांनी फोटो चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, ''एवढा मोठा सोडून दिला?'' सीनेच्या धरणावर चिलापी धरायला आता तेच यायचं म्हणतायत!

ज्या मैत्रिणींचं असं ऑपरेशन झालंय, त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं की हाताला कोणता व्यायाम चालेल. आणि घरच्यांनीही विचारावं की आपण नक्की कशाकशाला 'नको' म्हणतोय. प्रत्येकीचं दुखणं वेगळं, त्यामुळे अक्काचं बघून कोणी वजनं उचलू नयेत. पण विचारायला काय हरकत आहे?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अक्काकडे चकल्या करायच्या होत्या. तिने सोऱ्या भरला आणि दाबायला घेतला. पीठ घट्ट होतं. माझा हात आपोआप पुढं झाला. तिने मान वर करून माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी मुकाट्याने कढईकडे वळले.